मला ती भिंत नाहीशी करायची होती

माझा आवाज गेला त्या वर्षी आमच्या नाट्यसंस्थेचं नवं नाटक माझ्यासाठीच लिहून झालं होतं. गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. ती काढणं भाग होतं, आणि काढताना आवाजाच्या नसेला धक्का बसू शकतो हे डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं. तसंच झालं. शुद्धीवर आल्यावर मी नवऱ्याकडे पाणी मागितलं, तर त्याने वळून दाराकडे पाहिलं. दुसरंच कोणी आत आलंय असं त्याला वाटलं.

काही महिन्यांनी आवाज परत आला, पण तो माझा नव्हता. घोगरा, बोलता बोलता मध्येच हवा सुटणारा. जुन्या पनवेलच्या बाजारात आमचं पडद्यांचं दुकान आहे. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायला तेवढा आवाज पुरे. फोनवर लोक मला 'भाऊ' म्हणू लागले. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे, मग सोडून दिलं. "हो, भाऊच बोलतोय, खिडक्या किती आहेत?"

नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणं मात्र संपलं. कॉलेजपासून मी संध्याकाळी नाटक करत आले होते. लग्न, मूल, दुकान, करंजाड्यातला फ्लॅट, सगळं त्या संध्याकाळच्या अवतीभवती बसवलेलं होतं. आता संध्याकाळी मी घरी असायचे आणि नवरा माझ्याकडे न बघता टीव्हीचा आवाज कमी-जास्त करत बसायचा.

आमचे दिग्दर्शक शाळेत मराठी शिकवतात, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात. ते एकदा घरी आले. बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग म्हणाले, "तू तालमीला येत जा. प्रॉम्प्टिंग कर हवं तर." आणि लगेच गप्प झाले, कारण विंगेतून प्रॉम्प्टिंग करायलाही आवाज लागतोच.

"मी नेपथ्य करते," मी म्हणाले.

"अगं, नेपथ्य म्हणजे नुसते पडदे लावणं नव्हे."

"माहीत आहे मला."

"आपल्याकडे सेट असतो कुठे? ते भिंतींचे चार कापडी फ्लॅट, तो सोफा..."

"म्हणूनच करते."

सर हसले. त्यांना वाटलं असावं, चार दिवस करेल, मन रमेल. मी हसले नव्हते. रंगमंचावर जाऊन बोलता येत नसेल तर रंगमंचालाच बोलायला लावायचं, हे मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. कसं, ते मला अजिबात माहीत नव्हतं.

नाटक लिहिणारा आमच्या बाजारातलाच. मोबाइलचं दुकान चालवतो. मूळचा उरणकडचा, कोकणी मुसलमान. तरुणपणी सात-आठ वर्षं आखातात काढून परत आलेला. नाटकाची गोष्ट साधी होती. पनवेलमध्ये एकटी राहणारी आई, आखातात गेलेला मुलगा, आणि त्यांचे तीन फोन. प्रत्येक फोनवर मुलगा आईला सांगतो, खोली मोठी आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, जेवण उत्तम आहे. आई ते ऐकून शेजारणीला सांगते, फुशारकी मारते, मुलाच्या लग्नाची बोलणी त्या जोरावर करते. तिसऱ्या फोनला प्रेक्षकांना कळतं की त्यातलं काहीच खरं नाही. मुलाची भूमिका तो स्वतःच करणार होता. आईची मी करणार होते. आता ती भूमिका कोन गावात राहणाऱ्या एका नर्सबाईंकडे गेली होती. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आवाज खणखणीत. मला ताई म्हणायची आणि पहिले काही दिवस माझ्या नजरेला नजर द्यायची नाही.

पहिल्याच तालमीला सरांनी खडूने रंगमंचाच्या मधोमध रेघ मारली. "डावीकडे पनवेल, उजवीकडे आखात. फोन सुरू झाला की दोन्हीकडे स्पॉट. सोपं काम."

मी हात वर केला. एवढ्या लोकांत मला बोलायचं तर सगळ्यांना गप्प व्हावं लागतं. ते गप्प झाले. मी म्हणाले, "मग पहिल्याच फोनला लोकांना मुलाची खोली दिसणार. तो खोटं बोलतोय हे आधीच कळणार. तिसऱ्या फोनला उरतं काय?"

"पहिल्या दोन फोनला उजवी बाजू अंधारात ठेवू."

"अर्धा रंगमंच रिकामा, अंधारात दिसला की लोक ओळखतातच, इथे पुढे काहीतरी येणार आहे. ते वाट बघत बसतात. मला ते नकोय. लोकांनी आईबरोबर विश्वास ठेवला पाहिजे."

"मग मुलगा कुठे ठेवणार तू?"

"सांगते," मी म्हणाले.

त्यानंतरचे काही आठवडे मी दुकानात कापड मोजताना, करंजाड्याहून स्कूटरवरून येताना, भाजी निवडताना तेवढाच विचार करत होते. सरकत्या भिंतींचा विचार केला, तर त्यांच्या चाकांचा आवाज आईच्या वाक्यावर येणार. वरून खाली सोडायच्या पडद्याचा विचार केला, तर तो पडदा पडतानाच लोक बघत बसणार. एक दिवस जेवताना मी ताटातली पोळी उभी धरून तिच्या मागे लोणच्याची फोड सरकवत होते. मुलगी म्हणाली, "आई, काय चाललंय तुझं?" मी म्हणाले, "सेट."

उत्तर सापडलं ते उलव्यात. तिथे रोज नवी इमारत उभी राहते आणि प्रत्येक खिडकीला पडदा लागतो, त्यामुळे आमचं निम्मं काम तिकडेच असतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका नव्या फ्लॅटमध्ये आमचा कारागीर हॉलला पांढरे जाळीचे पडदे लावत होता. आम्ही त्याला शिअर म्हणतो. पातळ, उजेड आत येऊ देणारं कापड. मी खाली टेम्पोतून ब्रॅकेट आणायला गेले. ऊन कलतं होतं. वर बघितलं, तर आमचा पडदा छान बसलेला दिसत होता, पांढराशुभ्र, भिंतीसारखा. मागचं काहीच दिसत नव्हतं. टेम्पोवाल्याशी बोलता बोलता अंधारून आलं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा घरात दिवा लागला होता, आणि पडदा नव्हताच. घरमालकीणबाई स्टुलावर चढून देव्हारा मांडत होत्या. त्यांच्या हातातलं निरांजनसुद्धा मला खालून दिसलं.

वास्तविक यात नवीन काहीच नव्हतं. ही तर आमच्याकडची रोजची तक्रार. 'भाऊ, तुमच्या पडद्यातून दिवा लावला की सगळं घर दिसतं हो!' आणि मी रोज सांगायचे, 'त्याच्या मागे जाड पडदा घ्या, दुहेरी रॉड लावून देते.' इतकी वर्षं ज्या गोष्टीवर मी लोकांना उपाय विकत होते, तीच गोष्ट मला हवी होती. मी तिथेच उभी राहून टेम्पोवाल्याला म्हणाले, "उजेड पुढून असला की भिंत. मागून असला की भिंत नाही." तो म्हणाला, "मॅडम, ब्रॅकेट घ्या ना, मला पार्किंगवाला ओरडतोय."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. आईच्या घराची मागची भिंत या कापडाची करायची. पुढून उजेड टाकला की ती भिंत. तिच्यावर कॅलेंडर, फडताळ, खुंटीला पिशवी, सगळं असेल. मुलगा पहिल्यापासून त्या भिंतीमागे, आईच्या पाठीशी दोन हातांवर असेल, पण कोणालाच दिसणार नाही. तिसऱ्या फोनला पुढचा उजेड हळूहळू काढायचा, मागचा आणायचा. काही सरकणार नाही, काही पडणार नाही.

सरांनी चष्मा काढला, पुसला. "जमेल?"

"जमवते."

पहिला प्रयत्न आम्ही शाळेच्या हॉलमध्ये केला, आणि सगळे पोट धरून हसले. मी पांढरं शिअर तसंच टांगलं होतं. पुढून दिवा टाकला तर ते एवढं चमकलं की आईच दिसेना, आणि मागच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात मुलगा आपला गुडघा खाजवताना स्वच्छ दिसत होता. 'भिंतीला खाज सुटलीय,' कोणीतरी म्हणालं.

मग मी कापडाला भिंतीचा रंग दिला. डिस्टेंपर लावला, दोन हात. भिंत अशी झाली की हात लावून बघावीशी वाटे. पण मागून कितीही उजेड टाकला तरी ती भिंतच राहिली. रंगाने कापडाची सगळी छिद्रं बुजली होती. ते कापड वाया गेलं. नवऱ्याने गोदामातून दुसरा तागा काढून माझ्या स्कूटरवर बांधला.

तिसऱ्या खेपेला मी कापड रंगवायचा पातळ रंग घेतला, चहाच्या रंगाचा, आणि स्पंजने हलकेच टिपत गेले. गच्चीवर कापड अंथरून, उन्हाच्या आधी. ओल आलेल्या भिंतीचे डाग, फडताळाखालची काजळी, पाठ टेकून टेकून तेलकट झालेली जागा, सगळं त्या स्पंजने काढलं. छिद्रं मोकळी राहिली. मागे काळं कापड तिन्ही बाजूंनी लावलं, म्हणजे दिवा नसताना आत काहीच उरू नये. कापडाच्या दोन पन्ह्यांच्या जोडाची शिवण मागच्या उजेडात काळ्या रेघेसारखी दिसायची. तिच्यावर मी फडताळाची उभी फळी आणून ठेवली.

प्रकाशयोजनेला आमच्याकडे उलव्याजवळच्या गावातला एक मुलगा होता. हळदीच्या कार्यक्रमांना लाइट लावायचा त्याचा धंदा. लाइट जास्तीत जास्त कसा मारायचा यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"पुढचा लाइट भिंतीवर वरून उतरता टाक," मी म्हणाले. "आणि आईला फक्त बाजूने. समोरून तिच्यावर टाकलास तर तो कापडावर जाईल."

"ताई, मंग तोंड आर्धंच दिसंल त्यांचा."

"अर्धंच दिसू दे."

"आमी हळदीला आसा लाइट लावला ना, तं नवरीची आई आमाला जेवाया पन नाय देनार."

पण तो रोज आला. दिवा बोटभर वळवायचा, मी मागच्या रांगेत जाऊन बघायचे, मान हलवायचे, तो पुन्हा वळवायचा. एवढ्या लांबून त्याला ओरडून सांगणं मला शक्य नव्हतं, म्हणून आम्ही हातांच्या खुणा ठरवल्या. काही दिवसांनी तो स्वतःच म्हणाला, "ताई, कमी करू का आजून? आजून काळोख पायजे." तेव्हा मला वाटलं, आता आम्ही दोघं एकाच बाजूला आहोत.

मधल्या काळात मुलाची खोली उभी करायची होती. मी लेखकाच्या दुकानात जाऊन बसले आणि विचारलं, "तुझी खोली कशी होती, सांग."

"नाटकात आहे ना ताई."

"नाटकात खोटी आहे. खरी सांग."

तो एका फोनची काच बदलत होता. मान वर न करता म्हणाला, "लोखंडी पलंग, एकावर एक. मी वरचा. छताला नाक लागायचं. पलंगाला चादर बांधून घ्यायची, तीच आपली खोली. डोक्याशी चार्जर, पायाशी बॅग. कपडे वाळत घालायला तार, ती माझ्या तोंडावरून जायची."

"खिडकी?"

"नव्हती."

"आणि समुद्र दिसतो म्हणून लिहिलंयस, ते?"

"अम्मीला तेच सांगितलं होतं," तो म्हणाला. मग काच बसवली, फडक्याने पुसली. "अजून तिला तेच माहीत आहे. तिला सांगू नका काही. ती प्रयोगाला येणारच नाही म्हणते, तिचे गुडघे दुखतात."

मी बंद पडलेल्या एका वसतिगृहाचा दुमजली पलंग मिळवला. लेखक वर चढला, त्याने चादर बांधली, तार स्वतःच ओढली आणि तिच्यावर एक बनियन टाकलं. त्याला पहिल्या दृश्यापासून तिथे, अंधारात, कूस न बदलता पडून राहायचं होतं. पहिले दोन फोन त्याने तिथूनच बोलायचे, न दिसता. एका तालमीत तो झोपला. आई मुलाच्या आठवणीने डोळे पुसतेय आणि मागची भिंत घोरतेय. सरांनी तालीम थांबवली.

पण सरांचा राग त्या घोरण्यावर नव्हता. त्यांना भीती वाटत होती. नाटक स्पर्धेत उतरणार होतं आणि तो प्रयोग जवळ आला होता. तिथे सेट लावायला थोडाच वेळ मिळतो, आणि आमचा खेळ दिव्याच्या बोटभर फरकावर उभा होता. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "मी एलईडी वॉलवाल्याशी बोललोय. मागे स्क्रीन लावू, त्याच्यावर खोली दाखवू. हमखास दिसेल."

"स्क्रीन लावली की लोक पहिल्यापासून स्क्रीनकडे बघतील."

"निदान दिसेल तरी!"

"सर, ती खोली खरी आहे. तो माणूस खरा तिथे आहे, आईच्या पाठीमागे. तिने हात मागे केला तर त्याच्या पलंगाला लागेल. स्क्रीनवर ते येणार नाही."

"आणि ऐन वेळी नाही जमलं तर?"

"तर संस्था सोडते मी. पण वॉल येणार नाही." मला जोरात बोलायचं होतं, आवाज अर्ध्यात तुटला. नुसती हवा आली. सगळे बघत होते. मी पाणी प्यायले आणि तेच वाक्य पुन्हा, सावकाश, शेवटपर्यंत म्हणाले.

अडचण अनपेक्षित ठिकाणाहून आली. आईची भूमिका करणारी नर्सबाई दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली. ड्यूटीवरून थेट आली होती. म्हणाली, "ताई, राग मानू नका. तो माझा शेवटचा सीन आहे. मी जीव तोडून करते. आणि नेमक्या त्या वेळी माझ्या पाठीमागे तुमची जत्रा सुरू होते. लोक माझ्याकडे बघणारच नाहीत."

तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मग लक्षात आलं की तिने ते दृश्य कधी पाहिलंच नव्हतं. ती कायम त्याच्या पुढे, त्याच्याकडे पाठ करून बसलेली.

"तू खाली जाऊन बस," मी म्हणाले. "मी बसते तुझ्या जागी."

मी आईच्या पाटावर बसले. तांदूळ निवडायचं सूप मांडीवर घेतलं, फोन कानाला लावला. दिवेवाल्या पोराने सुरुवात केली. मागून मुलाचा आवाज आला, "अम्मी, आज बिर्याणी केली होती." मला ते संवाद पाठ होते. मी माझ्या घोगऱ्या आवाजात, कुजबुजत, पुढचं वाक्य म्हटलं, "गोश्त नरम झालं होतं का रे?" चेहऱ्यावरचा उजेड एका बाजूला सरकत गेला. माझ्या मागे काय होतंय ते मला दिसत नव्हतं, फक्त मानेवर दिव्याची ऊब जाणवली. मी तांदूळ निवडत राहिले. समोर, हॉलच्या अंधारात, नर्सबाईने तोंडावर हात ठेवलेला दिसला.

दिवे लागल्यावर ती उठली. मग वर येऊन म्हणाली, "तो तिथे सुका पाव खातोय. आणि तुम्ही इथे तांदळातले खडे काढताय."

"हं."

"तुम्ही काहीच केलं नाहीत. रडला नाहीत, काही नाही."

"मी कशाला रडू? मला कुठे माहीत आहे काही? मला तर वाटतंय, पोराने बिर्याणी खाल्ली."

ती विचार करत पाटावर बसली. "म्हणजे मी रडते तेच चुकतंय," ती म्हणाली. "मी खूश व्हायला पाहिजे." आणि त्या दिवशीच्या तालमीत तिने ते दृश्य हसत केलं. शेवटी फोन ठेवून, मुलाचं चांगलं चाललंय म्हणून ती समाधानाने सुपातले तांदूळ पाखडू लागली. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. एलईडी वॉलचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

प्रयोग आमच्या पनवेलच्याच नाट्यगृहात होता. सकाळी भिंत टांगली तर वातानुकूलनाच्या वाऱ्याने ती हलायला लागली. घराची भिंत हलून कशी चालेल? मी पडद्याच्या खालच्या दुमडीत भरायची शिशाच्या गोळ्यांची माळ दुकानातून मागवली, खालच्या काठात ओवली, आणि दोन्ही बाजूंनी कापड ताणून बांबूला शिवून टाकलं. नवरा सुई ओवून देत होता, मी शिवत होते. पडदा वर जायच्या थोडं आधी शेवटचा टाका घातला.

मी मागच्या रांगेत जाऊन बसले. माझ्या पुढच्याच ओळीत कडेला एक वयस्क बाई होत्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, बाजूला काठी. लेखकाची बायको त्यांच्याशेजारी होती, तेव्हा मी ओळखलं. गुडघे दुखत असूनही त्या आल्या होत्या.

पहिले दोन फोन झाले. लोक हसत होते. समुद्राच्या खिडकीबद्दल आई शेजारणीला इतकं रंगवून सांगते, तेव्हा तर टाळ्या पडल्या. कोणालाही मागे माणूस असल्याची शंका नव्हती. मग तिसरा फोन. आई पाटावर, सूप मांडीवर. मागून आवाज. आणि भिंत विरघळायला लागली.

आधी कॅलेंडरमागे काहीतरी आहे असं वाटलं. मग लोखंडी पलंगाचा पाय. मग तार, तारेवरचं बनियन. मग वरच्या पलंगावर, छताला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून बसलेला माणूस. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पाव. भिंतीवरचं फडताळ आणि कॅलेंडर तसंच हवेत राहिलेलं, आणि तो त्यांच्या पलीकडे, आईच्या पाठीमागेच, तिच्या डोक्याच्या वर. म्हणत होता, "हो अम्मी, खिडकी उघडीच आहे. वारा येतोय."

नाट्यगृहात आवाज झाला. टाळ्या नव्हेत. बऱ्याच लोकांनी एकदम श्वास घेतला की होतो तसा. मग पूर्ण शांतता. त्या शांततेत पाखडलेल्या तांदळाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला. मी मुठी आवळून बसले होते. ते दृश्य संपेपर्यंत त्या उघडायचं मला सुचलं नाही.

पडदा पडल्यावर मी आत पोचले तेव्हा लेखकाची आई रंगमंचावर आली होती. सुनेचा हात धरून, काठी टेकत, ती थेट पलंगाकडे गेली. लेखक खाली उतरत होता. तिला बघून तो अर्ध्या शिडीवर थांबला. तिने लोखंडी पट्टीवर हात फिरवला, वर पाहिलं.

"तू वरती झोपत होतास?" तिने विचारलं.

"अम्मी, नाटक आहे."

"लहानपणी कॉटवरनं पडायचास. उशा लावायची मी दोन्हीकडे." तिने पुन्हा पट्टीवर हात फिरवला. "पडला नाहीस ना रे कधी?"

"नाही अम्मी."

"खरं सांग."

"एकदा पडलो होतो," तो म्हणाला.

तिने मान हलवली. रडली नाही. त्याला खाली उतरायला हात दिला, जणू तिच्या आधारानेच तो उतरणार होता. दिवेवाला पोरगा माझ्याशेजारी उभा होता, तो तोंड फिरवून वायर गुंडाळायला लागला.

निकाल लागला तेव्हा नाटकाला तिसरा क्रमांक मिळाला, म्हणजे पुढची फेरी नाही. नेपथ्याचं बक्षीस दुसऱ्या संस्थेच्या दुमजली बंगल्याला गेलं. बंगला खरंच देखणा होता, जिना तर मजबूत. परीक्षकांपैकी एकांनी मला नाट्यगृहाच्या जिन्यात गाठून विचारलं, "कापड कुठलं वापरलंत?" मी दुकानाचा पत्ता दिला. सरांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. ते दोन दिवस फोन उचलत नव्हते. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं आणि भिंतीचं कापड नीट घडी घालून, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलं, कारण उरणहून एका महिला मंडळाने प्रयोग मागितला होता.

नर्सबाईने आता आईच्या भूमिकेवर आपला हक्क सांगून ठेवलाय. आवाज परत आला तरी देणार नाही, म्हणाली. मी म्हटलं, ठेव. लेखक नवं नाटक लिहितोय. त्यात एक कुटुंब हायवेवर गाडीत अडकून पडतं आणि अख्खा अंक गाडीतच घडतो. सरांनी वाचून मला फोन केला, "गाडी काही आपल्याला आणता येणार नाही. चार खुर्च्या मांडू आणि लोकांना कल्पना करायला लावू."

"चार खुर्च्या सगळेच मांडतात," मी म्हणाले.

"मग काय करणार तू?"

"गाडी आणणार. कशी ते सांगते."

सध्या दुकान बंद केल्यावर मी शटर अर्धं ओढून मागच्या बाजूला बसते. पडद्याचे जुने ॲल्युमिनियमचे रॉड वाकवून बघते. माणसं त्यात बसली की गाडी दिसली पाहिजे आणि माणसं उतरली की नुसते रॉड उरले पाहिजेत, असं काहीतरी मनात आहे. आतापर्यंत दोन रॉड तुटले, एक वाकला तो सरळ होत नाही. नवरा म्हणतो, "लोखंड घे, हे नाही टिकणार." लोखंड जड पडेल, ते उचलायला चार माणसं लागतील. हलकंच हवं. उद्या कळंबोलीला जाऊन पातळ पाइप बघून येणार आहे.